भाऊसाहेब रुळले नाहीत, त्याबाबत

सोलापूर, गुरुवार
(आमचा नळाचा वार. पाणी अजून आलेलं नाही.)

रा. रा. जोतिरामतात्या व सौ. गोजाबाई विहीणबाई यांस,

नारायण उपळाईकरचा हात जोडून नमस्कार. शेजारी सौ. शकुंतला बसली आहे, तिचाही. पाकीट पाहून दचकू नका, इकडे सगळे हिंडतेफिरते आहेत. तुमचा गुडघा कसा आहे? तेल चोळता का, की लग्नात मला म्हणालात तसं मेंढरांमागं हिंडून आपोआप सुटेल यावरच अजून भिस्त आहे? विहीणबाईंच्या डोळ्यात थेंब घालायचे होते, ते नियमानं घालतात ना? डाळिंबाच्या बागेवर यंदा तेल्या रोग नाही ना? सांगोल्याकडं टँकर सुरू झाल्याचं पेपरात वाचलं. (आमच्या सोसायटीतही टँकर येतो, पण आम्ही शहरात राहत असल्यामुळं त्याला दुष्काळ म्हणत नाहीत.)

हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, हे मला कळतं. फोन मी लावलाही होता. तुम्ही उचललात, आणि मी डाळिंबाचा भाव विचारून ठेवून दिला. तुम्हाला ते चमत्कारिक वाटलं असेल, कारण मला डाळिंब विकायचं नाही आणि घ्यायचं म्हटलं तर तुम्ही पेटी पाठवताच. पण काय करू, माझी सगळी नोकरी कागदावर गेली. समोरच्या माणसाशी बोलताना माझ्या तोंडून हवापाणी आणि भाव याखेरीज काही निघत नाही. जे खरं बोलायचं असतं ते मला लिहायला बसल्यावरच सुचतं, आणि तेही दुसऱ्या पानावर. तेव्हा थोडा धीर धरा.

विषय भाऊसाहेबांचा. भाऊसाहेब म्हणजे मी नव्हे, सूनबाईंचा सरडा. (हा खुलासा आता मला जिन्यातसुद्धा करावा लागतो.) कॉलेजात असताना तुमच्या प्रियदर्शनीची मैत्रीण परदेशी गेली आणि जाताना हा प्राणी हिच्या ओटीत टाकून गेली, हे तुम्हाला माहीतच आहे. सरडा परदेशी जातीचा, त्याची सरकारदरबारी रीतसर नोंद, आणि त्याचे कागद माझ्या पेन्शनच्या फाइलीपेक्षा व्यवस्थित. त्याचं नाव मात्र तुम्ही ठेवलंत. एक डोळा सातबाऱ्याकडं आणि दुसरा चहाच्या कपाकडं फिरवणारा एक तलाठी तुम्हाला आठवला, आणि तुमच्या गावात तलाठ्याला भाऊसाहेबच म्हणतात, म्हणून हेही भाऊसाहेब. आता मला पुऱ्या ऑफिसानं आणि नंतर पुऱ्या सोसायटीनं भाऊसाहेब म्हणूनच ओळखलेलं, हे तुम्हाला तेव्हा कुठून माहीत असणार? लग्नानंतर सूनबाई घरी आल्या त्याच संध्याकाळी मी आत अंगरखा बदलत होतो. बाहेरून हाक आली, "भाऊसाहेब, या की खाली, कवाचं फांदीला चिकटून बसलाय." मी एकाच बाहीत हात घालून बाहेर आलो. सूनबाई पिंजऱ्यापुढं उभ्या होत्या. आम्ही दोघंही ओशाळलो. आमची ओळख म्हणायची तर ती अशी झाली.

त्या दिवशी तिनं आम्हाला सगळं समजावून सांगितलं होतं. मी तिचे शब्द जसेच्या तसे लिहितो, कारण पुढं जे झालं ते हे शब्द न ऐकल्यामुळं झालं. ती म्हणाली, "बाबा, तुमी त्याला काय करू नका. पानावर पान्याचा फवारा मारायचा, दिवा लावायचा आन् सोडून द्यायचं. नव्या जागंला त्याला लई भ्या वाटतंय. कुनी बघितलं न्हाय की बरं वाटतं त्याला, आपला आपुन रुळतोय."

काहीही करायचं नाही ही सूचना मला जड जायला नको होती, इतकी वर्षं मी सरकारी नोकरीत काढली. पण ऑफिसात काही न करणं वेगळं आणि घरात नवा जीव आलेला असताना काही न करणं वेगळं. सूनबाईंना पिंजरा त्यांच्या खोलीत कोपऱ्यात ठेवायचा होता. मी म्हटलं, छे, नव्यानं आलेल्याला आतल्या खोलीत कोंडायचं नसतं, त्याला माणसात ठेवलं पाहिजे. आणि पिंजरा हॉलमध्ये आणला, शोकेसच्या समोर, पंख्याखाली. सूनबाईंनी अनीशकडं पाहिलं फक्त. (आमचा अनीश तेव्हापासून एक डोळा आईकडं आणि एक बायकोकडं ठेवून वावरतो. घरात तशी विद्या असलेले आता दोन प्राणी झाले.)

शोकेसच्या काचेत भाऊसाहेबांना दुसरे भाऊसाहेब दिसले. हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की हिरवा म्हणून आलेला प्राणी कोळशासारखा काळा पडला, फुगला, आ वासून डुलायला लागला. शकुंतला म्हणाली, दृष्ट लागली. लागणारच, नवीन घर, नवीन माणसं. तिनं मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या पिंजऱ्यावरून ओवाळल्या आणि तव्यावर टाकल्या. मिरच्या सोलापूरच्या. तुम्हाला पुढचं सांगायला नको. आम्ही दोघं गॅलरीत जाऊन खोकत होतो, वरच्या मजल्यावरचे खाली आले, आणि भाऊसाहेबांनी फांदी धरून दोन्ही डोळे मिटून घेतले. दृष्ट किती जबर होती याचा शकुंतलेला तो पुरावाच वाटला. संध्याकाळी सूनबाई जनावरांच्या दवाखान्यातल्या नोकरीवरून आल्या. त्यांनी खिडक्या उघडल्या, दोन मिनिटं विचार केला आणि आपली एक ओढणी आणून शोकेसच्या काचेवर लावली. सरडा तासाभरात निवळला. दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे म्हणून शकुंतलेनं ती ओढणी काढून, छान घडी करून कपाटात ठेवली.

पाहुण्यांचं तर विचारू नका. कुणी बघितलं नाही की त्याला बरं वाटतं, हे वाक्य मी ऐकलं होतं, पण ते मला सरड्याचं एक मत वाटलं. लोकांना काय सांगायचं? सोसायटीचे सेक्रेटरी बाळासो आले, शेजारच्या रुद्राणीबाई त्यांच्या अक्कलकोटच्या तिन्ही बहिणींना घेऊन आल्या. काही जण सून बघायला आले आणि सरडा बघून गेले, काही सरडा बघायला आले आणि सून बघून गेले. दोघांनाही हॉलमध्येच बसवलं होतं. सून काय काय करते, भाकरी येते का, गावाकडं किती मेंढरं, हे सगळं तिच्यासमोर तिच्याविषयी मलाच विचारत होते आणि मीही उत्तरं देत होतो. (मेंढरांचा आकडा मी अंदाजानं सांगितला. कमी सांगितला असल्यास क्षमा असावी.)

मग बाळासोंनी विचारलं, रंग कधी बदलतो? आता माझी समजूत अशी, की सरडा ज्याच्यावर ठेवावा त्याचा रंग घेतो. आपण सगळे शाळेत असंच शिकलो. सूनबाई चहा टाकायला आत गेल्या तेवढ्यात मी कपाटातून आपली मोराची चादर काढली, लाल जमिनीवर निळा मोर, अस्सल सोलापुरी. ती सतरंजीसारखी अंथरली आणि भाऊसाहेबांना फांदीसकट मधोमध ठेवलं. लोक खुर्च्या ओढून बसले. मी खात्रीनं सांगितलं, आधी लाल होईल, मोराचं जरा वेळ घेईल. भाऊसाहेब लाल झाले नाहीत. ते करडे झाले, मग त्यावर काळे ठिपके आले, मग ते फांदीला अंग चिकटवून इतके चपटे झाले की बाजूनं पाहणाऱ्याला नुसती फांदीच दिसावी. रुद्राणीबाईंची धाकटी बहीण म्हणाली, बहुतेक हा बिघडलेला आहे. सूनबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या, त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि सगळ्यांच्या देखत गुडघ्यावर बसून त्याला ओंजळीत घेतलं. आणि तशाच आत निघून गेल्या. मला वाटलं बिस्किटं आणायला गेल्या असतील.

रातकिड्यांचं तर तुमच्या कानावर आलंच असेल, अनीशनं ते हसत सांगितलं म्हणे. पुण्याहून भाऊसाहेबांच्या खाण्याचा, जिवंत रातकिड्यांचा डबा पार्सलनं आला, मला वाटलं शकुंतलेचं औषध आहे, मी स्वयंपाकघरात उघडला. एवढंच. त्यानंतर आमच्याकडं कितीतरी दिवस पावसाळी रानासारखा आवाज होता. शकुंतला दर डब्याचं झाकण आधी ठोकून मगच उघडायची. या प्रकरणात माझ्या मनात काही नव्हतं, तेव्हा याबद्दल मी फारसं वाईट वाटून घेत नाही. ज्याबद्दल वाटतं ते आता लिहितो.

तात्या, तुमची मुलगी आली तेव्हा बोलायची. जेवताना बोलायची, भांडी लावताना बोलायची, फवारा मारताना सरड्याशी बोलायची. (फवाऱ्याला पाणी पुरेना, तेव्हा नळाच्या वारी एक कळशी खास भाऊसाहेबांसाठी भरायची असं तिनंच ठरवलं, आणि ती कळशी शकुंतलेनं शिळं पाणी समजून मोरीत ओतली नाही असा एकही नळाचा वार मला आठवत नाही. असो.) पहिल्याच आठवड्यात मी जेवायला आलो तर ती पाट सरकवून म्हणाली, बाबा, तुमी हितं बसा की. मी मायेनं म्हटलं, हितं नव्हे गं, इथं. त्यात माझ्या मनात खरंच काही वाकडं नव्हतं. शहरात नोकरी आहे, मोठमोठ्या लोकांची कुत्री दवाखान्यात येणार, चार माणसांत कुणी हसू नये, एवढंच. शकुंतलेला ते पटलं. ती 'तुमी'चं 'तुम्ही' करून द्यायला लागली, मी 'न्हाय'चं 'नाही' करायचो. आम्हाला वाटायचं आपण लेकीसारखी शिकवतोय. ती चटकन शिकली. हुशार आहे. पण शिकताना काय व्हायला लागलं, की ती बोलायच्या आधी थांबायची. तोंडात वाक्य यायचं, ती ते आतल्या आत पुसायची, नीट लिहायची आणि मग बाहेर काढायची. तोवर विषय पुढं गेलेला असायचा. मग वाक्यं लहान झाली. मग नुसतं हो, नाही, ठेवते, जाते. आम्ही दोघं एकमेकांना म्हणायचो, बघ, किती शांत झाली, रुळली हो पोर.

सरडा मात्र रुळत नव्हता आणि त्याची मला फार काळजी. खायचं कमी केलं होतं. (सूनबाईंनीही केलं होतं, पण त्याचं आम्ही उन्हाळा असं कारण शोधलं होतं.) मी विचार केला, हा डाळिंबाच्या बागेतून आलेला, याला डाळिंब पाहिजे. रोपवाटिकेतून कुंडीतलं चांगलं गुडघाभर झाड आणलं, गॅलरीत ठेवलं, आणि एका सकाळी सूनबाई कामावर गेल्यावर भाऊसाहेबांना त्याच्यावर नेऊन बसवलं. मला अजून डोळ्यांसमोर दिसतं, त्यांनी एक पाय पुढं केला, मागं घेतला, पुन्हा पुढं केला. मी त्यांना म्हटलं, हे बघ, तुझं गाव आणलं. इतक्यात फोन वाजला. गॅसवाल्याचा होता. परत आलो तर झाडावर कुणी नव्हतं.

झाडाला पानं किती असतात हे त्या दिवशी कळलं. पान उलटून पाहिलं, कुंडी उचलून पाहिली. दुसऱ्या मजल्याची आमची गॅलरी, खालच्या कडुलिंबाच्या फांद्या कठड्याला टेकलेल्या. बाळासोंनी शिडी आणली, रुद्राणीबाईंनी देवाला नारळ बोलला, सगळी सोसायटी माना वर करून लिंबाकडं बघत उभी राहिली. हिरव्या झाडात हिरवा सरडा शोधायचा, म्हणजे तुम्ही समजा. अनेकांना अनेक ठिकाणी दिसला, सगळीकडं पानं निघाली. मी सूनबाईंना फोन केला नाही. मला वाटलं त्या यायच्या आत सापडेल. मग वाटलं, निदान अंधार पडायच्या आत सापडेल. अखेर त्या नेहमीच्या वेळी आल्या आणि फाटकातून आत येताना सगळ्यांच्या माना वर पाहून त्यांना काय ते कळलं.

ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पर्स शकुंतलेच्या हातात दिली, बुंध्याशी गेली आणि वर बघून हळू आवाजात बोलायला लागली. आजूबाजूला इतकी माणसं होती, पण कुणी हललं नाही, त्यामुळं शब्द न् शब्द ऐकू आला. "खाली ये की रं. मला म्हाईत हाय, हितं आपलं कोन न्हाय. पर वर बसून कुटं जानार तू?"

कितीतरी दिवसांनी मी तिचा तो आवाज ऐकत होतो. मी तिथंच उभा होतो, शिडीला हात लावून. शकुंतला माझ्या मागं होती. आम्ही एकमेकांकडं पाहिलं नाही.

तो खाली आला नाही, पण हलला, आणि तिला दिसला. अगदी शेंड्याजवळ होता. मग तिनं ओढणी कमरेला खोचली आणि शिडी नको म्हणून हातानंच चढायला लागली. नवी सून लिंबावर चढते आहे हे दृश्य आमच्या सोसायटीनं पूर्वी पाहिलेलं नव्हतं. शकुंतला एरवी अशा प्रसंगी मटकन खाली बसली असती. ती पर्स छातीशी धरून फांदीखाली जाऊन उभी राहिली, जणू पडलीच तर झेलणार होती. (तिला स्वतःला खुर्चीतून उठवायला मी लागतो.) वरून सूनबाई त्याला खांद्यावर घेऊन उतरल्या. तात्या, खरं सांगतो, आमच्या घरात मी त्याला कधी असा पाहिला नव्हता. पोपटासारखा हिरवा, अंगावर पिवळे पट्टे, डोळे दोन्हीकडं फिरताहेत. आमच्यापासून सुटून एक दिवस झाडावर काढला, तेवढ्यात रंग परत आला होता. खाली आल्यावर माझ्याकडं पाहून तो पुन्हा काळवंडला.

मी म्हटलं, सूनबाई, माझं चुकलं. ती म्हणाली, "बाबा, त्यात तुमची काही चूक नाही." आणि हे तिनं इतक्या शुद्ध मराठीत म्हटलं, प्रत्येक अक्षर जागच्या जागी, मी शिकवलं तसं. मला इतकं लागलेलं दुसरं काही आठवत नाही.

दोन दिवसांनी ती भाऊसाहेबांना घेऊन तुमच्याकडं आली. जरा जाऊन येते म्हणाली, पाया पडली. दवाखान्यात रजा सांगितली. त्यानंतर किती दिवस झाले ते मी मोजत नाही, शकुंतला मोजते. अनीश रविवारी तुमच्याकडं येऊन जातो, परत आल्यावर विचारलं तर म्हणतो, बरी आहे. आणखी विचारलं तर म्हणतो, तुम्ही आता काही करू नका. मग परवा विहीणबाईंचा शकुंतलेला फोन आला. शकुंतला तयारीत होती, त्या रागावतील, बोलतील, आपण ऐकून घ्यायचं. त्या रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "पोरीनं तुमची काय बी तक्रार केली न्हाय बगा. तेचंच भ्या वाटतंय मला."

शकुंतलेनं फोन ठेवला आणि गॅलरीत जाऊन डाळिंबाच्या कुंडीला पाणी घातलं. मग आत येऊन मला म्हणाली, अहो, तिला भाजी कुठली आवडते? मला माहीत नव्हतं. तिलाही नव्हतं. सरडा दिवसातून किती वेळा पाणी पितो, त्याला ऊन किती लागतं, तो रागावल्यावर कसा दिसतो, हे आम्हाला पाठ होतं. पोरीला काय आवडतं, झोप लागते का, आमच्या घरात तिला कशाची भीती वाटते, यातलं आम्ही एकदाही विचारलं नव्हतं. लग्नात मांडवातून निघताना तुम्ही माझे हात धरले होतेत. मी तुम्हाला म्हटलं होतं, तात्या, काळजी करू नका, पोरीला काही कमी पडणार नाही. कमी काही पडलं नाही हो. आम्ही सगळंच जास्त केलं.

तर झालेल्या सगळ्या प्रकाराबद्दल मी आणि शकुंतला तुम्हा उभयतांची माफी मागतो. तिला परत पाठवा असं मी या पत्रात कुठंही लिहिलेलं नाही, आणि लिहिणारही नाही. तिचं मन होईल तेव्हा आणि झालं तर ती येईल. दवाखान्यात तिची जागा आहे. अनीशला बँकेच्या सांगोल्याच्या शाखेत बदली मागायची असेल तर अर्ज मी स्वतः लिहून देईन, अर्ज मी चांगला लिहितो. हे घर तिच्यावाचून अडलेलं नाही, असंही म्हणवत नाही. पण अडलेलं घर दाखवून तिला बोलावणं म्हणजे पुन्हा काहीतरी करणंच झालं. तेव्हा भाऊसाहेबांच्या बाबतीत जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते आता करतो. काहीही करत नाही.

आपला,
नारायण उपळाईकर

ता. क. काहीही करत नाही असं वर लिहिलं ते खरं नाही, हे एव्हाना तुम्ही ओळखलं असेल. हे पत्र म्हणजेच काहीतरी करणं आहे आणि अनीशला त्याची कल्पना नाही. म्हणून त्याच्या हाती न देता टपालानं पाठवतो आहे.

ता. क. दुसरा. आता मूळ मुद्दा. आम्हा दोघांना काही दिवस तुमच्याकडं ठेवून घ्याल का? हवापालट वगैरे कारण नाही. लग्न होऊन शकुंतला माझ्या घरात आली, मी तर जन्मापासून आपल्याच घरात राहिलो. परक्या घरात, परक्या माणसांत, जेवताना कुठं बसायचं, पाणी कुठल्या माठातलं घ्यायचं, हे दुसऱ्याला विचारत राहणं मला ठाऊकच नाही. आणि शकुंतला म्हणते, तिला ठाऊक होतं, ती विसरली. तुमच्या शेतातल्या वस्तीवर कुठल्याही कोपऱ्यात चालेल. बोलण्यात काही चुकलं तर सगळ्यांनी दुरुस्त करावं. मेंढरांमागं मी येईन, फार उपयोग होणार नाही.

ता. क. तिसरा. शकुंतलेनं विचारायच्या आधीच बॅगा भरल्या आहेत. मी तिला म्हटलं, अगं, उत्तर तर येऊ दे. तर म्हणते, उत्तर आल्यावर भरायला वेळ नको जायला.

ता. क. शेवटचा. तुम्ही दोघं मनानं मोठे आहात, लगेच या म्हणाल. तसं म्हणू नका. आधी प्रियदर्शनीला विचारा, आणि ती एकटी असताना विचारा. ती नको म्हणाली तर कारण विचारू नका, आम्हाला नुसतं नको एवढंच कळवा. आम्ही राग धरणार नाही. बॅगाच आहेत, पुन्हा सोडता येतात.